आंबट मातीतली परी

ढगवाडी नावाचं गाव डोंगराच्या अगदी टोकाला होतं. सकाळी ढग पुढच्या दाराने घरात यायचे, चुलीपाशी जरा शेकायचे आणि मागच्या दाराने निघून जायचे. त्या गावात एका एकखणी घरात एक चिमुरडी मुलगी आईवडिलांबरोबर राहायची. मुलीचं नाव मथुरा. पण या नावाने कोणी हाक मारली, तर ‘ही कोण बाई?’ म्हणून ती स्वतःच इकडेतिकडे बघायची! सगळं गाव तिला भिंगरी म्हणायचं. तिचा पहिला घास ताटाशी, दुसरा उंबऱ्यावर आणि तिसरा अंगणात कोंबडीच्या मागे पळताना असायचा. एका जागी बसणं म्हणजे काय, हे तिला ठाऊकच नव्हतं.

घरात फार काही नव्हतं. एक चूल, दोन गोधड्या, आणि पावसाळ्यात गळणाऱ्या जागा ओळखून ठेवलेली तीन पातेली. भिंगरीचा फ्रॉक एकच, तोही कोपरांवर विरलेला. आई लोकांच्या मळ्यात स्ट्रॉबेऱ्या खुडायला जायची. दिवसभर लालचुटुक, टपोऱ्या, रसरशीत फळांत हात घालायची आणि संध्याकाळी घरी आणायची तो नुसता बोटांवरचा लाल रंग. भिंगरी ती बोटं हुंगून म्हणायची, “आज गोड होत्या, होय ना गं?” आणि आई हसायची. भाकरी मग बरी लागायची.

भिंगरीचे वडील, म्हणजे आबा, माळी होते. त्यांच्या बोटांत काय जादू होती कोण जाणे, पण काडी खोचली की पालवी फुटायची. घरामागच्या चिमुकल्या परसात त्यांनी तीन झुडपं लावली होती. पहिलं पांढऱ्याशुभ्र, घमघमत्या अनंताचं. दुसरं अझेलियाचं. ते फुललं की पान दिसेनासं व्हायचं, नुसता गुलाबी-केशरी कल्लोळ. आणि तिसरं हायड्रेंजियाचं. त्याला इवल्या इवल्या फुलांचे लाडवाएवढे गेंद यायचे, आणि त्यांचा रंग असा निळा, असा निळा, की पाहणाऱ्याने आधी आभाळाकडे बघावं आणि मग पुन्हा फुलाकडे.

दिवाळी झाली आणि आबा दूरच्या शहरात एका मोठ्या बागेत कामाला निघाले. ढगवाडीत तेव्हा माळ्याला काम नव्हतं. पत्र्याची पेटी खांद्यावर घेऊन ते दारात उभे राहिले, तेव्हा भिंगरी त्यांच्या पायांना मिठी मारून म्हणाली, “कधी येणार, आबा?”

आबांनी परसाकडे बोट दाखवलं. “ती निळी फुलं फुलली की आलोच बघ.”

मोठी माणसं असं सहज बोलून जातात आणि विसरतात. लहान माणसं मात्र ते बोलणं फ्रॉकच्या खिशात घालून ठेवतात. भिंगरीने मनाशी पक्कं केलं, निळी फुलं फुलली की आबा येणार. मग तिला दुसरा विचार सुचला. नाही फुलली तर? तिसऱ्या घरातला म्हादूदादा असाच शहरात गेला होता. चार वर्षं झाली, त्याची आई अजून रोज वाटेवर जाऊन उभी राहते.

त्या दिवसापासून भिंगरीचा जीव त्या निळ्या झुडपात अडकला. सकाळी उठली की परसात, तोंड धुतलं की परसात, भाकरी खाल्ली की परसात! फुलायला अजून सहा महिने होते, हे तिला कोणी सांगितलं तरी तिला पटायचं नाही. आई चुलीतली राख काढायची, आणि भिंगरी ती सूप भरून झुडपांच्या बुंध्याशी नेऊन ओतायची. ढगवाडीत हे पाळण्यातल्या पोरालाही माहीत होतं. वांग्याला राख, दोडक्याला राख, कीड पडली राख, नाही पडली तरी राख. आपल्या झुडपांना दुसऱ्या कोणापेक्षा जास्त मिळावी, म्हणून भिंगरी चहाच्या टपरीवाल्या शेवंताकाकूच्या चुलीतलीही मागून आणायची.

माघात गावच्या देवीची जत्रा आली. जत्रेआधी घराला चुना लागतोच. आईने भिंती रंगवल्या आणि बादलीत थोडा चुना उरला. भिंगरीला वरच्या बंगल्याची बाग आठवली. तिथे प्रत्येक वाफ्याला पांढऱ्या दगडांची किनार होती. तिने पळत जाऊन ओढ्यातले गोल गोल दगड आणले, चुन्यात बुडवले आणि झुडपांभोवती तीन गोल मांडले. उरलेला चुना तिने मुळाशी ओतून टाकला. परस कसं लखलखीत दिसायला लागलं! आई आली आणि म्हणाली, “शाबास गं माझी माळीण!”

आणि फाल्गुनात झुडपं पिवळी पडली. पानांच्या शिरा तेवढ्या हिरव्या, बाकी पान फिकट. अझेलियाच्या कळ्या उमलण्याआधीच टपटप गळाल्या. अनंताने मान टाकली. निळ्या फुलांच्या झुडपाला तर एक कोंब येईना. भिंगरीने राख दुप्पट केली. झुडपं आणखी पिवळी झाली.

एका सकाळी ती परसात उकिडवी बसून रडत होती. रडतानाही तिचे पाय स्वस्थ नव्हते, अंगठा माती उकरत होता. मूठ उघडून तिने मीठ लावलेली चिंचेची गोळी तोंडात टाकली, कारण रडताना काहीतरी आंबट चघळलं की बरं वाटतं. तुम्हीही करून बघा!

“थोडी मला दे ना गं,” बुंध्याजवळून एक नाजूक, केविलवाणा आवाज आला.

तिथे आंबुटी उगवली होती. तीच ती तीन पानांची भाजी, शाळेच्या वाटेवर मुलं चघळतात ती. आणि आंबुटीच्या एका पानाखाली करंगळीएवढी परी बसली होती. तिच्या पाठीला तीन तीन पाकळ्यांचे हिरवे पंख होते आणि अंगावर झिरझिरीत झगा. तो कधीकाळी निळा-जांभळा असावा, आता मात्र फार धुतलेल्या लुगड्यासारखा विटला होता.

भिंगरीने तोंडातली गोळी काढली. तेवढीच होती तिच्याजवळ. फ्रॉकला पुसून तिने ती दोन बोटांनी परीपुढे धरली. परीने ती मिठीत घेतली, एकदा चाटली, डोळे गच्च मिटले, खांदे उडवले, आणि तिच्या झग्याच्या काठाशी एक निळी रेघ चमकून गेली.

“अहाहा! किती दिवसांनी आंबट लागलं,” परी म्हणाली. “माझं नाव आंबुटी. या तिन्ही झुडपांच्या मुळांशी माझं घर आहे. पण माझ्या घराची चवच गेली बघ. कोणीतरी रोज वरून काहीतरी ओततंय. मला मळमळतं, चक्कर येते. कोण ते मला दिसत नाही.”

“कोण आहे मेला!” भिंगरी रागाने म्हणाली. “मला सापडू दे, चांगली दगडाने हाणते!”

आंबुटी हसली. “तू तुझी एकुलती एक गोळी मला दिलीस. तुला तीन इच्छा. पण नियम ऐकून घे. ज्याला मुळं आहेत त्याच्याबद्दलच मागायचं. मला मातीतलंच कळतं.”

“मग आमच्या आबांना...”

“आबांना मुळं आहेत?”

भिंगरीने विचार केला. “पाय आहेत.”

“मग ते नाही जमायचं. आणि दुसरं असं, की मागितलं की सात सकाळी त्या मातीला हात लावायचा नाही. उकरायचं नाही, टोचायचं नाही, वरून काही घालायचं नाही. पाण्याचं मी बघेन. हात लागला, की इच्छा विरघळली.”

“एवढंच?” भिंगरी म्हणाली. “हे तर सोप्पं आहे!”

मुलांनो, ते तिच्याइतकं अवघड कोणालाच नव्हतं. तिने मागितलं, “माझी झुडपं हिरवीगार होऊ देत.” पहिल्या सकाळी ती परसाच्या दारात हात पाठीमागे धरून उभी राहिली. दुसऱ्या सकाळी हातांवर बसली. तिसऱ्या सकाळी तिला दिसलं, एक पान हिरवं होतंय! मग तर तिला चैनच पडेना. वरती पान हिरवं, पण खाली काय चाललं असेल? मुळं पांढरी झाली असतील का? हलत असतील का? चौथ्या सकाळी तिने एकच बोट, फक्त एकच, मातीत घातलं. पान तिच्या डोळ्यांदेखत पुन्हा पिवळं पडलं. परसात कुठेतरी पाण्याचा थेंब पडल्यासारखा आवाज झाला आणि पहिली इच्छा संपली.

“चुकले मी,” भिंगरी हुंदके देत म्हणाली. “आता नाही करणार. आईची शपथ.”

“शपथ नको,” आंबुटी म्हणाली. “सात सकाळी दे.”

दुसऱ्यांदा भिंगरीने युक्ती केली. परसात जायचंच नाही. पहाट झाली की आईबरोबर मळ्यात जायचं आणि संध्याकाळी परसाकडे पाठ करून झोपायचं. पाच सकाळी अशा गेल्या. मळ्यात ती बांधावरून इतकी धावली, की मुकादम म्हणाला, “ही पोर बघूनच मला दम लागतो!” सहाव्या सकाळी आईने पाच दिवसांची साठलेली राख चुलीतून काढली आणि सूप पुढे केलं. “घे गं, मथे.” भिंगरी डोळे चोळत उठली, सूप घेतलं, परसात गेली आणि ओतलं. रोजची सवय! हाताने करून टाकलं, मन मागाहून जागं झालं. मन जागं झालं तेव्हा सूप रिकामं होतं.

मातीतून खोकल्याची उबळ ऐकू आली. आंबुटी बाहेर आली ती केसांपासून पायांपर्यंत राखाडी होऊन.

“तू!” ती ओरडली. “तूच होय ती!”

भिंगरीच्या हातून सूप खाली पडलं. “पण ही तर राख आहे. राख चांगली असते. वांगी कशी झुपकेदार येतात...”

“वांगी येत असतील. माझ्या या तिघांना आंबट माती लागते गं! जशी तुला चिंच, तशी त्यांना आंबट माती. राख आणि चुना त्या मातीचा आंबटपणाच मारून टाकतात. मग समोर ताट भरलेलं असून जेवता येत नाही, तसं होतं यांचं. पानं पिवळी पडतात, कळ्या गळतात. आणि हा निळा गेंद, तो आंबट मातीतच निळा होतो. नाहीतर गुलाबी.”

भिंगरी मटकन खाली बसली. उभ्या आयुष्यात ती अशी कधी बसली नव्हती. तिला सगळं दिसायला लागलं. रोजचं सूप, शेवंताकाकूकडची राख, पांढरे गोल दगड, बादलीतला उरलेला चुना. दगडाने हाणायचं म्हणाली होती ती. आता कोणाला हाणणार?

“मी मायेने घातली गं,” ती इतकंच म्हणाली.

“ठाऊक आहे,” आंबुटी नाक शिंकरत म्हणाली. “म्हणून तर मला ओरडता येत नाहीये. नाहीतर चांगली ओरडले असते! ऐक, अजून एक इच्छा आहे. उद्या सकाळी पानांवर ऊन पडलं की माग. आज माझा घसा बसलाय.”

दुसऱ्या दिवशी भिंगरी उन्हाच्या आधी परसात हजर. काय मागायचं ते तिने शंभर वेळा घोकलं होतं. माती आंबट होऊ दे, फुलं निळी होऊ देत. सात सकाळी ती गोधडीत स्वतःला गुंडाळून घेणार होती, आईला सांगून वरून दोरीही बांधून घेणार होती. ऊन कौलांवर आलं. मग भिंतीवर आलं. भिंगरी एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होती. आणि रस्त्याकडून शेवंताकाकूचा हंबरडा ऐकू आला.

शेवंताकाकूची चहाची टपरी गावच्या नाक्यावर होती. काकू एकटीच होती, तिला ना मागे कोणी ना पुढे. टपरीमागे तिने गवती चहाचा हिरवागार, सुवासिक ताटवा राखला होता, आणि त्याच्या दोन पात्या घातलेल्या चहासाठी एसटीचा ड्रायव्हर गाडी दहा मिनिटं थांबवायचा. भिंगरी टपरीवरून गेली, की काकू तिच्या हातात चहात बुडवून खायचं एक खुसखुशीत बटर ठेवायचीच. आई मळ्यातून उशिरा यायची त्या दिवशी दोन.

भिंगरी धावत पोचली तेव्हा काकू जमिनीवर बसली होती. पहाटे ढगांतून गव्यांचा कळप उतरला होता. भलेमोठे, काळे, डोंगराएवढे गवे. त्यांनी ताटवा खाल्ला होता, तुडवला होता आणि मुळापासून उपटला होता. चिखलात चार पिवळ्या काड्या उरल्या होत्या.

“आता काय उकळू गं पोरी?” काकू म्हणाली. “साधा चहा खालच्या गावातबी मिळतोय. माझ्याकडं कोण थांबंल? टपरी बंद करते अन् भाचीकडं जाऊन पडते एका कोपऱ्यात. तिला मी नकोय, पर जाऊ कुठं?”

भिंगरी तशीच मागे पळत आली. पानांवर आता ऊन पडलं होतं.

“आंबुटी,” ती धापा टाकत म्हणाली, “गवती चहाला मुळं असतात?”

“असतात,” आंबुटी हळूच म्हणाली. “पण नीट विचार कर. ही शेवटची आहे.”

तुम्हाला वाटेल, भिंगरीने लगेच हसत हसत इच्छा देऊन टाकली. अजिबात नाही! तिला भयंकर राग आला होता. गव्यांचा आला, काकूचा आला, नियमांचा आला, सगळ्यात जास्त स्वतःचा आला. तिने पाय आपटले. पिवळ्या झुडपाकडे पाहिलं, तिला पेटी घेऊन उभे असलेले आबा दिसले, आणि ती रडायला लागली. पण हातात बटर ठेवणारा काकूचा सुरकुतलेला हातही दिसत होता. तो काही केल्या डोळ्यांपुढून हलेना.

“काकूचा गवती चहा पुन्हा उगवू दे,” ती रडत रडतच म्हणाली. “आधीपेक्षा दाट.”

आंबुटीने पंख मिटले, उघडले, आणि हिरव्या ठिणग्यांची एक बारीक ओळ मातीतून सळसळत नाक्याकडे गेली. भिंगरीने जाऊन काकूला बजावलं, की सात सकाळी इकडे कोणी हात लावायचा नाही. काकू बिचारी डोळे पुसत हो म्हणाली.

आता सात सकाळी भिंगरीने करायचं काय? हात तर शिवशिवत होते! ती आंबुटीपुढे जाऊन बसली. “माझ्या झुडपांवर आता कुठली इच्छा नाही ना? मग मी माती उकरली तर चालेल?”

आंबुटीने भुवया उंचावल्या. मग ती इतकी हसली, की बसल्या पानावरून घसरलीच. “इच्छेला नियम असतात, वेडे! कामाला कोणी घातलेत नियम? उकर ना! वरवरचा पांढरा थर सगळा काढ. फक्त मुळं दुखवू नकोस, ती वरतीच पसरलेली असतात.”

मग काय विचारता! भिंगरीने पांढरे दगड उचलून ओढ्यात टाकले. चुन्याचा पापुद्रा बोटांनी खरवडून काढला. राखेने करडी झालेली माती टोपलीत भरली आणि वांग्याच्या वाफ्यात नेऊन घातली, वांगी खूश! मग ती रानात गेली. जांभळाखालची लालभडक, भुसभुशीत माती, कुजक्या पानांचा मऊ मऊ थर, सगळं टोपलीतून वाहून आणलं. एका दिवसात वीस खेपा. दुसऱ्या दिवशी पंचवीस. जे पाय आजवर नुसते फिरत होते, त्यांना आता काम मिळालं होतं. पाणी ती लांबच्या झऱ्याचं आणायची, कारण आंबुटीला विहिरीचं चालायचं नाही. “त्यात खडू कालवल्यासारखं लागतं,” ती तोंड वाकडं करून म्हणायची.

आठव्या सकाळी काकूच्या टपरीमागे हिरवा ताटवा सळसळत होता, आधीपेक्षा दाट. काकूने भिंगरीला छातीशी धरलं आणि म्हणाली, “तू काय केलंस मला ठाव न्हाई. पर तुला काय देऊ, सांग.”

“चहाचा चोथा,” भिंगरी म्हणाली.

काकूला वाटलं, पोरीला ताप आलाय. पण आंबुटीने सांगितलं होतं, उकळलेली चहापत्ती मातीला जरासा आंबटपणा देते. तेव्हापासून काकू रोजचा चोथा बाजूला ठेवू लागली. भिंगरी तो झऱ्याच्या पाण्यात दोनदा धुवायची, नाहीतर दूध-साखरेला मुंग्या लागतात, आणि पानांच्या थराखाली मूठ मूठ पसरायची. आईही आता राखेचं सूप वांग्यांकडेच वळवायची. एक दिवस तिने गुपचूप धुतलेल्या चोथ्याची वाटी परसात नेऊन ठेवली. वाटीवर चांगलं जड झाकण होतं, कारण आईला कोंबडीचा भरवसा नव्हता.

चैत्र गेला. पानं हिरवी झाली, गर्द, चकचकीत. अनंताला टोकदार कळ्या आल्या. अझेलियाने उशिरा का होईना, दहाबारा गुलाबी-केशरी फुलं दाखवली. आणि वैशाखात निळ्या झुडपावर पोपटी गेंद धरले. भिंगरी दिवसातून चाळीस वेळा बघायची. पोपटी. अजून पोपटी. फिकट पांढरे. आणि मग एका सकाळी ढग विरळ झाले, आणि गेंदांवर रंग चढलेला दिसला.

गुलाबी.

भिंगरीने मोजून पाहिलं. एक, दोन, तीन, सातही गेंद गोडगुलाबी. कोणीही म्हणेल, किती सुंदर! भिंगरीला ते बघवेना. “आंबुटी!” तिने हाक मारली. “आंबुटी, अगं काहीतरी कर!” पण आंबुटीच्या पानाखाली कोणी नव्हतं. आणि तेवढ्यात खालच्या वळणावर एसटी थांबल्याचा आवाज आला, दार आपटलं, आणि पायवाटेने एक माणूस वर येताना दिसला. खांद्यावर पत्र्याची पेटी.

भिंगरी धावली. पण मिठी मारायला नाही. वाटेच्या मधोमध दोन्ही हात पसरून ती उभी राहिली.

“थांबा, आबा! अजून येऊ नका!”

आबा थांबले. “का गं?”

“निळी झाली नाहीत अजून! गुलाबीच आहेत. तुम्ही म्हणाला होता निळी फुलली की. ती नाहीत झाली. आता तुम्ही आलात तर ते खोटं ठरेल, आणि तुम्ही परत जाल. मीच घालवली, आबा. मीच राख घातली, मीच चुना घातला. थोडं थांबा ना. मी अजून माती आणते.”

आबांनी पेटी वाटेवरच ठेवली आणि ते गुडघ्यांवर बसले. मग त्यांनी तिचे मातीने लाल झालेले दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

“अगं मथे, मला तारीख-वार कळत न्हाईत, फुलं कळतात. वैशाखात ती फुलतात म्हणून तसं बोलून गेलो. काळी फुलली असती तरी आलो असतो. झाड मेलं असतं तरी आलो असतो. मी काय फुलांसाठी येतोय? तू हितं हाईस म्हणून येतोय.”

भिंगरी सहा महिन्यांचं सगळं रडून घेत होती, मोठ्याने, भोकाड पसरून. आबांचा सदरा भिजला.

“आणि परत जायचं न्हाई आता,” आबा तिच्या केसांतली पानं काढत म्हणाले. “वरच्या बंगल्याला माळी पायजे. शेवंताकाकूनं एसटीच्या ड्रायव्हरकरवी सांगावा धाडला. तो म्हणाला, काकूचा गवती चहा पितो म्हणून तिचं काम पहिलं केलं.”

भिंगरीचं रडणं मध्येच थांबलं. तिने नाक पुसलं आणि आबांचा हात धरून ओढतच त्यांना परसात नेलं. आई दारातून धावत आली. तिघं त्या झुडपापुढे उभी राहिली, आणि मधल्या गुलाबी गेंदाच्या डोक्यावर पाय हलवत आंबुटी बसली होती. तिच्या झग्याला आता इतके रंग होते, की कुठला कुठे संपतो ते कळू नये. निळा, जांभळा, मोरपिशी, मध्येच एक सोनेरी झाक.

“कुठे होतीस?” भिंगरी ओरडली.

“खाली. चव घेत होते,” आंबुटी म्हणाली. “माझ्या घरची माती अशी फक्कड आंबट कधीच लागली नव्हती. तुझी फुलं निळी होणारच आहेत गं. पहिला रंग जुन्या मातीचा निघाला, एवढंच. सगळी महिनाभरात झाली असती.”

“महिनाभर?” भिंगरी कळवळून म्हणाली.

“तेच ना!” आंबुटी उठून उभी राहिली. “निळं तर तू केलंसच. पण इतके दिवस तुझ्याशेजारी राहिले, आता मलाही धीर धरवत नाही.”

आणि ती पळत सुटली. एका गेंदावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, आणि तिचे पाय लागतील तिथे गुलाबीचं जांभळं झालं, जांभळ्याचं निळं. टप टप टप, सातही गेंद निळे! अनंताची कळी पट्कन उमलली आणि परसभर सुवास सुटला. शेवटच्या गेंदावर ती क्षणभर थांबली. भिंगरीने घाईघाईने खिसा चाचपला. खिशात मीठ लावलेली कैरीची फोड होती. तिने ती दोन बोटांनी पुढे धरली.

आंबुटीने एकदाच चाटली, एक चावा घेतला, डोळे गच्च मिटले, खांदे उडवले आणि लख्ख निळा उजेड झाला. उजेड पानांवर सांडला, भिंतीवर चढला, तिघांच्या तोंडांवरून फिरला आणि ढगात मिसळून गेला. गेंदावर उरली एक तीन पानांची आंबुटी आणि कैरीवर दातांची बारीक खूण.

आबा परसाच्या पायरीवर बसले आणि भिंगरी त्यांच्या मांडीवर बसली. आईने चूल पेटवली, चहा उकळला, गाळला, आबांचा पेला रिकामा झाला, तरी भिंगरी तिथेच बसून होती. आईने दोनदा वाकून पाहिलं, पोर झोपली की काय म्हणून. झोपली नव्हती. निळ्या फुलांकडे बघत होती.

मग गाळणीतला चोथा तिला दिसला. ती उठली, वाटी घेतली आणि झऱ्याकडे पळाली. आबा पेला खाली ठेवून तिच्या मागोमाग गेले.